गालिचा की लादी? कोकणात ‘एअरपोर्टसारखं’ फ्लोअरिंग करताना या चुका टाळा

“मेस्त्रीनू, माका एअरपोर्टासारखा व्हया.”

देवबागच्या एका घरमालकांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत कुठल्याशा टर्मिनलचं गेट, राखाडी-निळं कार्पेट, ओळीने खुर्च्या आणि काचेपलीकडे विमानाचं शेपूट. पाहुण्यांच्या चार खोल्या आणि पुढची बैठक, सगळीकडे तसंच हवं होतं. जागा कशी, तर पुढल्या दारी समुद्र आणि मागल्या दारी कर्लीची खाडी. मी म्हटलं, “काका, एअरपोर्टचं कार्पेट आणताय तर एसीचं बिलही आणा.” ते हसले आणि मे महिन्यात दुसऱ्याकडून काम करून घेतलं. गणपतीच्या आधी मला फोन आला, कार्पेट उचलायला.

सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, गोव्यातल्या मोपाहून जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली, आणि तेव्हापासून ही फर्माईश मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात सारखी ऐकतो. होमस्टे असो, हॉल असो की डॉक्टरांची वेटिंग रूम. मी आठ वर्षं टर्मिनलवर रात्रपाळीची सफाईची माणसं सांभाळली, आता गावी लाद्या बसवतो. म्हणजे कार्पेटची आणि लादीची, दोघांचीही खोड जवळून बघितली आहे.

फोटोत कार्पेट दिसतं, रात्रपाळी दिसत नाही

विमानतळ कार्पेट का टाकतात हे आधी समजून घ्या. मुख्य कारण आवाज. हजारो बॅगांची चाकं, बुटांच्या टाचा, पोरांची रडारड, आणि त्यात घोषणा ऐकू यायला हवी. दगडी जमिनीवरून आवाज उसळून परत येतो, कार्पेट तो पिऊन टाकतं. विमान लेट झालं की माणसं सरळ जमिनीवर बसतात, तिथेही कार्पेट बरं. दिल्लीचं टर्मिनल 3 हे 2010 साली सुरू झालं तेव्हापासून त्याच्या कार्पेटवर लोक बोलत आले आहेत, काही कौतुकाने, काही ट्रॉली ओढताना दमून. कार्पेटवर चाक जड जातं हे खरंच आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी चेक-इनच्या आणि सामान घेण्याच्या हॉलमध्ये ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड (भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली लादी) किंवा टेराझो असतं, आणि कार्पेट असलंच तर पुढे गेटजवळ. (टेराझो म्हणजे परकं काही नव्हे. आपल्या जुन्या घरांतली मोझेक लादी ही त्याचीच धाकटी बहीण.)

पण ते कार्पेट जगतं कशावर? चोवीस तास चालणाऱ्या एसीवर. एसी हवा नुसती गार करत नाही, तिच्यातलं पाणीही काढतो. शिवाय मध्यरात्री गर्दी ओसरली की व्हॅक्युम फिरतो, रोज, सुट्टी नाही. आणि ते कार्पेट एका तुकड्याचं नसतं. साधारण 50 सेंटिमीटरच्या चौकोनी कार्पेट टाइल असतात. एकीवर कॉफी सांडली की ती उचलायची, गोदामातली दुसरी लावायची, पाच मिनिटांत काम संपलं.

आता आपल्याकडे या. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर हवेत आर्द्रता 80-85 टक्क्यांच्या वर. एसी पाहुणा आला की चालू, पाहुणा गेला की बंद. पावसाळ्यात तर पाहुणाच नाही, म्हणजे खोली दोन-दोन महिने बंद. त्यात समुद्राचं मीठ. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं ते आठवा. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ओल ओढून विरघळू लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याही आधी ओलं होतं. खारा वारा आणि किनाऱ्यावरून आलेले पाय हे मीठ कार्पेटच्या धाग्यांत भरतात. मग ते कितीही पंखा लावा, सुकल्यासारखं वाटतं आणि रात्री पुन्हा दमट.

देवबागला कार्पेटचं एक टोक धरून मी उलटवलं तेव्हा आधी वास आला. ओल्या घोंगडीचा असतो तसा, पण आंबूस. पाठीमागे राखाडी बुरशीची गोल-गोल ठिगळं, भिंतीलगत जास्त. दाराच्या रेषेत जांभ्याच्या मातीचा लाल पट्टा. आणि गुंडाळताना सरसर आवाज करत वाळू बाहेर आली. चार खोल्यांची मिळून दोन घमेली. ही वाळू नुसती घाण नव्हे. पाय पडला की ती धाग्याच्या बुडाशी कानशीसारखी घासते आणि धागा मुळातून कापते. काकांच्या आई ओटीवर बसून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “ह्या घोंगडा हातरलास कित्याक, तां माका अजून कळूक नाय.”

ओल कुठून येते ते न बघता काम सुरू करणं

ही चूक कार्पेटमध्ये होते, व्हिनाइलमध्ये (गोंदाने चिकटवायचं प्लास्टिकचं फ्लोअरिंग) होते आणि लादीतही होते. ओल दोन वाटांनी येते. एक जमिनीतून, जोत्याच्या चिऱ्यांमधून वर चढते. जांभा पाणी धरतो, जुन्या घरांत खाली प्लास्टिकचा पडदा कोणी घातलेला नसतो. दुसरी हवेतून. पावसाच्या सुरुवातीला गरम दमट हवा गार लादीला लागते आणि लादी घामेजते. लोक याला गळती समजून प्लंबर बोलावतात.

ओळखायची युक्ती फुकट आहे. दीड-दोन फुटांचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, कोब्यावर (जमिनीवरचा सिमेंटचा थर) किंवा लादीवर पसरा, चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद करा आणि एक अख्खी रात्र, शक्यतो पूर्ण दिवस, तसाच ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या वर पाणी असेल तर ते हवेचं. खाली थेंब जमले असतील किंवा कोबा काळवंडला असेल तर ते जमिनीचं.

हवेचं असेल तर पंखा चालू ठेवा, पोछा घट्ट पिळून मारा, घामेजलेल्या दिवशी लादी पुन्हा पुन्हा पुसत बसू नका. जमिनीचं असेल तर वर काहीही चिकटवू नका. व्हिनाइल तर अजिबात नाही. ते ओल खालच्या खाली कोंडतं, गोंद सुटतो आणि गणपतीपर्यंत फुगे येतात. नवा कोबा असेल तर आणखी थांबा. एक इंच जाडीला महिनाभर असा जुना हिशेब आहे, आणि तोही उघडीपीतला. जुलैत घातलेला कोबा ऑगस्टमध्ये सुकला असं सांगणारा मेस्त्री तुम्हाला फसवतोय, किंवा स्वतःला.

कार्पेट नको म्हणजे मग चकचकीत लादी

हा दुसऱ्या टोकाचा घोळ. कार्पेटने पोळलेला माणूस थेट आरशासारखी लादी घेतो. दुकानात छान दिसते, वरच्या दिव्यांची रांग तिच्यात उतरते. पावसात ओल्या स्लिपरने पहिला पाहुणा आत येतो आणि पाठीवर पडतो.

व्हिट्रिफाइड लादी पाणी पीत नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आपल्या हवेत हा तिचा मोठा गुण. पण पाणी पीत नाही म्हणजे ते वरच राहतं, आणि पॉलिश केलेल्या अंगावर पाण्याचा थर म्हणजे घसरगुंडी. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रात R9 ते R13 असा आकडा असतो. तेल ओतलेल्या उतारावर बूट घालून माणूस चालवतात आणि कितीपर्यंत टिकतो त्यावरून तो ठरतो. पडवी, पायऱ्या आणि दारालगतच्या पट्ट्यासाठी R11 बघा, आतल्या बैठकीला R10 पुरतो. न्हाणीघरात अनवाणी पाय असतो, तिथे A, B, C ही वेगळी प्रतवारी लागते आणि C सगळ्यात पकड देणारी. आकडा सापडला नाही तर दुकानातच नमुन्याच्या लादीवर तांब्याभर पाणी ओता आणि चप्पल काढून उभे राहा. दुकानदार कुरकुर करेल. करू दे.

चकाकीचा आणखी एक त्रास पटकन लक्षात येत नाही. म्हाताऱ्या माणसांना चकचकीत लादी ओलीच वाटते, ती पाय जपून-जपून टाकतात आणि त्यातच तोल जातो. उजळ लादीवर टाकलेली काळी चटई स्मरणशक्ती कमी झालेल्या कुणाला खड्ड्यासारखी दिसते आणि ती व्यक्ती तिच्याआधी थबकते. आजी-आजोबा पाहुणे येत असतील तर रंग एकमेकांच्या जवळचे ठेवा.

चकचकीत लादी आधीच बसवून झाली असेल तर फोडायला निघू नका. पकड वाढवणारं रसायन मिळतं, पण ते आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात लावून बघा. चकाकी जाते, कधी डाग राहतो.

दारात हातरुमालाएवढं पायपुसणं

माझ्या मते निम्म्या तक्रारी इथे संपतात. कार्पेट असो वा लादी, घाण दारातून येते, आणि ती दारातच अडवायची असते. विमानतळाच्या दारात पाऊल ठेवल्यावर आठवून बघा, पाच-सहा पावलं तुम्ही कुठल्या ना कुठल्या जाळीवर किंवा मॅटवरच चालता. दोन्ही पाय दोन-तीनदा टेकले पाहिजेत हा त्यातला हिशेब. आपण मात्र दीड फुटाचं ‘वेलकम’ लिहिलेलं पायपुसणं टाकतो, आणि माणूस ते ओलांडूनच आत येतो.

बाहेर पडवीत माती खरवडणारं काहीतरी घाला. आपल्याकडची काथ्याची जाड चटई यासाठी उत्तम, मात्र झड लागणार नाही अशा जागी. उंबऱ्याच्या आत पाणी शोषणारी लांब मॅट. लादी बसवायच्या आधीच मेस्त्रीला मॅटच्या जाडीएवढी खाच सोडायला सांगा, म्हणजे मॅट लादीच्या पातळीत बसते, कडेला पाय अडकत नाही, व्हीलचेअर सरळ जाते. नंतर आठवलं तर ही खाच होत नाही. पावसाळ्यात मॅटचे दोन जोड हवेत, एक दारात, एक चुलीशेजारी.

आवाज घुमतो म्हणून पुन्हा कार्पेटकडे

हॉलमध्ये लादी, भिंती प्लास्टरच्या, वर स्लॅब. मग बोलणं घुमणारच. पण आवाज पिणारी वस्तू जमिनीवरच हवी असा नियम नाही. छताला आवाज शोषणारे तक्ते लावा, जाड पडदे लावा, गादीच्या खुर्च्या ठेवा. बॅगेच्या चाकांची टकटक सांध्यांमुळे होते. शेजारच्या लाद्यांत उंचसखलपणा नको, आणि दोन-तीन मिलिमीटरचा सांधा काठोकाठ भरलेला हवा. हे काम मेस्त्रीच्या हाताचं आहे, महागड्या लादीचं नाही.

ॲसिड आणि ब्लीच

बाजारातलं फरशीचं ॲसिड शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर यांच्यावर कधीही नको. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, ॲसिड पडलं की फेस येतो, म्हणजे दगडच विरघळतोय. व्हिट्रिफाइडला तेवढं होत नाही, पण सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं आणि वाफेने कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात. साधा साबणपाण्याचा सौम्य द्रव पुरतो.

कार्पेटवर लाल चिखल पडला तर घासू नका. सुकू द्या, मग व्हॅक्युम मारा, शेवटी उरलेलं ओल्या फडक्याने टिपा. ओलं असताना घासलं की माती धाग्यात खोल जाते. ब्लीच तर अजिबात नाही. जांभ्याचा रंग लोहाचा, ब्लीचने तो जात नाही, उलट पक्का होतो, आणि कार्पेटचा मूळ रंग मात्र उडतो. कोकमाचं आगळ सांडलं तर लगेच पाण्याने टिपत राहा. फणसाचा चीक लागला तर हाताला लावतो तेच खोबरेल, थोडंसं, आणि मग साबण.

एकरंगी फिकं कार्पेट

विमानतळाची कार्पेटं भडक नक्षीची का असतात? डाग लपवायला. अमेरिकेतल्या पोर्टलंड विमानतळावर 1987 पासून हिरवट-निळं नक्षीचं कार्पेट होतं, एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या टॉवरवरून जशा दिसतात त्यावरून काढलेलं. 2015 मध्ये ते बदलायला घेतलं तर लोक निरोपाला येऊन त्यावर स्वतःच्या पायांचे फोटो काढू लागले. आपल्याकडे फिकं बदामी टाकलं तर पहिल्या पावसानंतर नक्षी जांभा काढेल.

मग कार्पेट कोकणात कुठेच नको?

तसं नाही. वरच्या मजल्यावरची, रोज एसी चालणारी, चप्पल बाहेर काढायची पद्धत असलेली खोली असेल, म्हणजे ऑफिसची मीटिंग रूम किंवा रेकॉर्डिंगची खोली, तर टाका. पण रोल नको, टाइल घ्या, नायलॉनची, आखूड धाग्याची, पाठ तागाची नसलेली. खाली नमदा, म्हणजे मऊ जाड अस्तर, नको. दहा टक्के जास्तीच्या टाइल त्याच वेळी घ्या, पुढच्या वर्षी तोच रंग मिळत नाही. बाकी ठिकाणी सतरंजी किंवा चटई, जी उचलून झटकता येते आणि उन्हात टाकता येते.

देवबागच्या खोल्या आम्ही दसऱ्यापर्यंत उघड्या ठेवून सुकवल्या. प्लास्टिकची परीक्षा दोनदा घेतली. बैठकीला मंद रंगाची खरखरीत लादी, दाराशी खाच, खोल्यांत सतरंज्या. काम संपल्यावर आजींनी बादलीभर पाणी ओतायला लावलं, काठी बाजूला ठेवली आणि नातीचा हात धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आल्या. मगच माझं उरलेलं बिल निघालं.