घरातलं वायफाय बंद, सगळं केबलवर

सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वायफायची इतकी गर्दी की शेवटी म्हटलं जाऊ दे, केबलच ओढू. एमजी रोडवरून कॅट ६ (नेटवर्कची केबल, आत आठ तारा) आणली, पण प्युअर कॉपरचीच घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल पटकन तुटते. टोकाला कनेक्टर, म्हणजे पोर्टात खोचायची पिन, लावताना दोन्ही टोकांना तारांचा क्रम सेम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. माझी ती शेवटची तार नीट बसली नव्हती तर स्पीड १०० एमबीपीएसच्या वर जाईचना, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही तारा लागतात ना. राउटरवर केबल लावायचे पोर्ट कमी पडले तर साधा नेटवर्क स्विच (एका पोर्टाचे अनेक करणारा डबा) जोडा. मग राउटरमध्ये वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड बंद, तेही केबलवरून लॉगिन करूनच हां, नाहीतर बसलेली फांदीच तोडाल. मोबाइलला केबल जोडायला लॅन ॲडॉप्टर लागतो, आईला ते अजून पटलेलं नाही.