मित्रांसोबत परदेशात स्कीइंग, तेही बजेटमध्ये: अल्माटीची ट्रिप कशी प्लॅन करायची

स्कीइंग म्हटलं की सगळ्यांना आधी स्वित्झर्लंड आठवतं, मग कोणीतरी खर्चाचा आकडा टाकतं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदम शांतता. दरवर्षी हेच. पण पासपोर्ट भारतीय, पगार मध्यम आणि सुट्टी जेमतेम आठवडाभर असेल तर आल्प्सच्या नादी न लागता कझाकस्तानातल्या अल्माटीकडे बघा. शहरापासून तासाभरात शिंबुलाक नावाचं चांगलं मोठं स्की रिसॉर्ट आहे आणि राहणं-खाणं शहरातल्या दरात होतं. युरोपसाठी शेंगेन व्हिसाची नुसती फी माणशी ९० युरो, वर अपॉइंटमेंट मिळवायची मारामारी. जॉर्जियाचं गुदौरी पण छान आणि स्वस्त आहे, पण तिथे ई-व्हिसा आधी काढावा लागतो आणि सहा जणांतल्या एकाचा जरी अडकला तरी सगळ्यांचा मूड जातो. कझाकस्तानने २०२२ च्या जुलैपासून भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय यायला दिलंय, म्हणजे हा प्रश्नच मिटला. (तरी तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या साइटवर एकदा नियम बघून घ्या, असले नियम कधी बदलतील सांगता येत नाही.)

"मग गुलमर्ग का नाही?" असं कोणीतरी विचारणारच. बरोबर आहे, नुसतं शिकायचंच असेल तर गुलमर्ग किंवा औलीला सरकारी कोर्स असतात आणि ते खूप स्वस्तात पडतात. हा लेख ज्यांना परदेशवारी पण करायचीय आणि स्की पण करायचंय त्यांच्यासाठी.

१. आधी आकडा, मग माणसं

ग्रुपवर "कोण कोण येणार?" असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. "माणशी ८० हजार, फेब्रुवारीत सहा रात्री, त्यातले तीन दिवस डोंगरावर, हो की नाही?" असं विचारा. हो म्हणणारे अर्धे होतात आणि तेच खरे येणारे असतात. त्यांच्याकडून लगेच १० हजार अ‍ॅडव्हान्स घ्या. मैत्री वगैरे ठीक आहे, पण पैसे दिल्याशिवाय माणूस ट्रिपमध्ये धरायचा नाही.

ग्रुप चारचा किंवा आठचा असला तर हिशोब सोपा, कारण टॅक्सीत चार बसतात आणि टू-बीएचके फ्लॅटमध्ये पण चार मावतात. पाच जण म्हणजे दर वेळी दोन गाड्या.

८० हजारांची वाटणी मी साधारण अशी धरतो: विमान ३० ते ३२, राहणं १२, तीन दिवसांचं स्की २०, खाणं आणि फिरणं १०, उरलेल्यात इन्शुरन्स आणि कपडे. हा माझा ठोकताळा आहे, रेट कार्ड नाही. एका रुपयाला साधारण पाच-सहा टेंगे येतात, त्यामुळे तिथल्या किमती बघून एकदम घाबरायला होतं, आधी भागाकार करायचा आणि मग घाबरायचं.

आता मुख्य गोष्ट. कुठे कापायचं आणि कुठे नाही हे आत्ताच ठरवून टाका, डोंगरावर गेल्यावर नाही. इन्स्ट्रक्टर, बूट आणि इन्शुरन्स या तिघांना हात लावायचा नाही. हॉटेल, तारखा, कपडे, टॅक्सी, जेवण, जे कापायचं ते इथे कापा. बहुतेक ग्रुप नेमकं उलटं करतात, हॉटेल डोंगरावर घेतात आणि मग "यूट्यूबवर बघून शिकू रे" म्हणतात.

२. तारखा

सीझन साधारण डिसेंबर ते एप्रिलची सुरुवात. ३१ डिसेंबर ते ७ जानेवारी हा आठवडा टाळा, त्या भागात नवीन वर्ष म्हणजे आपली दिवाळी, रशियन ख्रिसमस ७ तारखेला असतो आणि अख्खं शहर डोंगरावर आलेलं असतं. २१ ते २३ मार्च नवरोजची सुट्टी, ती पण टाळा. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा, बर्फ भरपूर असतो आणि गर्दी त्यामानाने कमी.

आणि डोंगरावरचे दिवस मंगळवार ते गुरुवार बसतील असंच तिकीट काढा. शनिवार-रविवारी उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या लाईनीत उभं राहण्यातच अर्धा दिवस जातो आणि पास पण महाग पडतो.

३. तिकीट आणि कागदपत्रं

दिल्लीहून आणि मुंबईहून थेट विमानं असतात पण २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाल्यापासून या रूटचं वेळापत्रक खालीवर होतंय, त्यामुळे कोणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका, त्या आठवड्यात नक्की काय उडतंय ते बघा. पुण्याहून दिल्ली गाठून पुढे जाणार असाल तर दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर घ्या, किंवा मध्ये भरपूर वेळ ठेवा, कारण हिवाळ्यात दिल्लीचं धुकं कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे, म्हणजे जेट लॅग नाही, आणि ज्यांना सुट्टी मिळत नाही ते दोन दिवस लॅपटॉप उघडून बसू शकतात. कार्डाचं म्हणाल तर साध्या क्रेडिट कार्डावर बँका तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरची जादा फी) लावतात, झिरो मार्कअप कार्ड काढून घ्या, थोडे डॉलर रोख ठेवा आणि शहरातल्या एक्स्चेंजवाल्याकडे बदला, एअरपोर्टवर नाही. एजंटकडून पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) भरावा लागतो, तो रिटर्न भरताना अ‍ॅडजस्ट होतो खरा पण तोपर्यंत पैसे अडकतात.

फ्लॅट घेतला तर मालकाला एक विचारा, परदेशी पाहुणा आल्याची नोंद तीन कामकाजाच्या दिवसांत करायची जबाबदारी त्याची असते. हॉटेलवाले करतात, फ्लॅटवाले काही विसरतात.

४. राहायचं शहरात

डोंगरावरची हॉटेलं बजेटचा निकाल लावतात. अल्माटीत दोस्तिक अव्हेन्यूच्या आसपास फ्लॅट बघा. तिथून १२ नंबरची बस थेट मेदेऊला जाते, भाडं किरकोळ. मेदेऊ म्हणजे १,६९१ मीटर उंचीवरचं प्रसिद्ध आइस स्केटिंगचं मैदान, त्याच्या शेजारूनच शिंबुलाकची गोंडोला (केबल कार) सुटते, साडेचार किलोमीटरची. स्कीचे बूट खांद्यावर घेऊन बसमध्ये उभी असलेली कॉलेजची पोरं बघितली की कळतं, इथल्यांसाठी हे रविवारी सिंहगडावर जाण्याइतकं साधं आहे.

सकाळी लवकर निघायचं असेल तर यांडेक्स गो अ‍ॅपवरून टॅक्सी करा, चौघांत काहीच वाटत नाही. गुगल ट्रान्सलेटमध्ये रशियन भाषा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, ड्रायव्हरशी सगळा संवाद त्यावरच होणार आहे.

हिवाळ्यात शहरात धूर खूप असतो, कोळशाचा, आणि तो खालीच साचून राहतो. गोंडोला वर चढताना एका ठिकाणी तो करडा थर खाली राहतो आणि वर लख्ख ऊन. दम्याचा त्रास असेल तर मास्क आणि इनहेलर सोबत पाहिजेच.

५. कपडे: विकत थोडे, भाड्याने जास्त

जॅकेट आणि पँट विकत घेऊ नका, तिथे स्कीसोबतच भाड्याने मिळतात. इथून घ्यायचं ते एवढंच: थर्मलचे दोन जोड, एक फ्लीस, वॉटरप्रूफ हातमोजे, गॉगल आणि गुडघ्यापर्यंतचे स्कीचे मोजे. मोजे एकावर एक दोन घालायचे नाहीत, त्याने पाय गरम राहत नाही, उलट घट्ट होऊन रक्त अडतं आणि बोटं गार पडतात. जीन्स तर अजिबात नको, ओली झाली की संपलं. सनस्क्रीन पाहिजे, बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येतं आणि हनुवटीखालून भाजतं. फोन आतल्या खिशात, बाहेरच्या खिशात ४० टक्के बॅटरी असताना पण बंद पडतो.

६. दोन महिने आधी पाय

स्की करताना मांड्या पेटतात. जिमची गरज नाही, पर्वती किंवा सिंहगड करा पण उतरताना हळू, गुडघे वाकवून, कारण स्कीत नेमकं हेच लागतं. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसा, दीड मिनिट जमलं तर बरंच झालं.

७. पहिला दिवस डोंगरावर

शिंबुलाकचा तळ २,२६० मीटरवर आणि वरचं टोक जवळपास ३,२०० मीटरवर. खालून थेट एवढं वर गेल्यावर काहींना डोकं दुखतं, तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यात वर जाऊन रील काढायची घाई नको, पाणी प्या.

भाड्याच्या दुकानात वेळ द्या. सगळ्यात महत्त्वाचा बूट. बुटात फक्त मोजा जाणार, थर्मल किंवा पँट आत कोंबायची नाही, नाहीतर नडगीवर वळ उठतो. बूट घालून टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवले की बोटं मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर एक साइज लहान मागा. "थोडा सैल असू दे, आरामात" हा आपला चपलेचा नियम इथे चालत नाही, सैल बुटात स्की वळतच नाही. दुकानदार वजन विचारेल ते खरं सांगा, लाजू नका, त्यावरूनच पडल्यावर स्की बुटातून कधी सुटायचं ते सेट होतं, आणि चुकीचं सेट झालं तर गुडघा जातो. हेल्मेट घ्याच. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागितला तर रोख रक्कम ठेवतो म्हणा.

शिकायला इन्स्ट्रक्टर आधीच बुक करा, इंग्रजी येणारे कमी असतात. चौघांत एक घेतला तर परवडतो. पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन तास, मधल्या वेळात स्वतः घासायचं. पहिल्या सकाळी अख्ख्या डोंगराचा पास घेऊ नका, नवशिक्यांच्या उतारापुरतं तिकीट आहे का ते काउंटरवर विचारा. आधी शिकायचं ते थांबणं: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. हे जमेपर्यंत वरच्या लिफ्टला जायचं नाही, मग मित्र कितीही चिडवू देत. स्पष्ट सांगतो, शिंबुलाकमध्ये अगदी नवशिक्यांसाठी जागा कमी आहे आणि वरचे उतार फसवे तीव्र आहेत.

पडायचं झालं तर बाजूला पडा, हात मागे टेकवू नका, मनगट जातं. उतारावर मधोमध बसून गप्पा मारायच्या नाहीत, कडेला व्हा.

ज्याला स्की करायचंच नाहीये (ग्रुपमध्ये एक असतोच) त्याने फक्त गोंडोलाचं तिकीट काढावं, वर कॉफी प्यावी आणि मेदेऊवर स्केटिंग करावं. त्याच्याकडून स्कीचे पैसे वसूल करू नका, नंतर कायमचं ऐकावं लागतं.

८. इन्शुरन्स

साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कीइंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं. "विंटर स्पोर्ट्स" किंवा "अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स" हे शब्द पॉलिसीत छापील दिसले पाहिजेत, एजंटच्या "होतं हो कव्हर" वर जाऊ नका. आखलेल्या उताराबाहेर गेलात किंवा दारू पिऊन उतरलात तर क्लेम मिळणार नाही असं धरूनच चला.

९. खाणं

मांसाहारी असाल तर मजा आहे, लगमान, प्लोव, सामसा, शहरात सगळं स्वस्त. घोड्याचं मांस सर्रास असतं, नको असेल तर ऑर्डर करतानाच विचारा. शाकाहारींनी रशियनमधलं "बेज म्यासा" एवढं पाठ करावं, म्हणजे मांसाशिवाय, तरी सूपात काय निघेल याची हमी नाही. म्हणून फ्लॅटला किचन हवंच. मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट, थेपले घेऊन जा, संध्याकाळी डोंगरावरून दमून आल्यावर खिचडीसारखं सुख नाही. डोंगरावरची कॅफे महाग, दुपारचा डबा आणि थर्मासमध्ये चहा वर न्या. खिशात शेंगदाणे-खजूर ठेवा. चिक्की नको, थंडीत ती दगड होते.

१०. हिशोब

रोजचा खर्च त्याच रात्री स्प्लिटवाइज या हिशोबाच्या अ‍ॅपवर टाका, टेंगेमध्येच. लिफ्ट पास आणि भाडं टीटीएमएम, फ्लॅट-टॅक्सी-किराणा समान. शेवटचा दिवस स्कीचा ठेवू नका, सामान परत करणं, डिपॉझिट घेणं, पॅकिंग यात तो जातोच, शिवाय पाय एव्हाना संपावर गेलेले असतात. त्या दिवशी ग्रीन बाजारात सुकामेवा घ्या, आणि उरलेले टेंगे तिथेच संपवा किंवा बदलून टाका, आपल्याकडे आल्यावर ते कोणी घेत नाही.