इंटरफेस बदलणारा कर्नल पॅच हाती आला की: रिव्ह्यूआधीची तयारी

कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पोटातला कोड चुकला तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतो. युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमना, दिसणारं काही (इंटरफेस) चुकलं तर ती चूकच जन्मभर सांभाळावी लागते, कारण तोवर कुणाचा तरी प्रोग्रॅम तिच्या भरवशावर चालू झालेला असतो. म्हणून इंटरफेसला हात घालणारा पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, आला की मी लगेच कोड वाचायला बसत नाही, आधी थोडी जमवाजमव करतो. खालचं सगळं लिनक्सपुरतं आहे.

आधी बदल खरोखर इंटरफेसचा आहे का, ते ठरवून घ्या. ‘इन्क्लूड’मधल्या ‘यूएपीआय’ फोल्डरला (युजरस्पेसलाही लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइली, म्हणजे हेडर्स, तिथे असतात) धक्का लागला असेल तर शंकाच नको. ही हेडर्स २०१२ साली, ३.७ आवृत्तीत वेगळी काढली ती याचसाठी. पण तेवढं पाहून थांबू नका. सिसएफएसमधली (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) नवी फाईल, तशाच प्रोकमधल्या ओळीत वाढलेला एक रकाना, एखाद्या सिस्टिम कॉलचा (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीचा) बदललेला एरर कोड, हेही इंटरफेसच. फार काय, आवृत्तीचा आकडासुद्धा. २०११ मध्ये २.६.३९ नंतर थेट ३.० आलं, तेव्हा आकडा २.६ नेच सुरू होणार असं धरून बसलेले प्रोग्रॅम अडखळले, आणि त्यांच्यासाठी ‘मी अजून २.६.४० च आहे’ असं सांगणारी सोय कर्नलमध्ये घालावी लागली. पॅचच्या विषयाच्या ओळीत ‘क्लीनअप’ असं लिहिलं असेल तर मी जरा जास्तच डोळे उघडे ठेवतो.

मग वापरणारा कोण, ते विचारा. पॅचमधला नवा कॉल खरोखर वापरणारा प्रोग्रॅम, निदान त्याची चालती शाखा (अजून मुख्य कोडमध्ये न मिसळलेली प्रत), हाताशी हवी. ‘पुढे उपयोगी पडेल’ हे उत्तर चालवून घेऊ नका. सोबत मॅन पेजचा, म्हणजे कॉलच्या माहितीपानाचा, मसुदाही मागा. तो लिहिताना लेखकाची जी वाक्यं ‘बहुधा’, ‘सहसा’ अशी व्हायला लागतात, नेमकी तिथेच रचना अर्धवट असते. मी मसुदा आधी वाचतो आणि कोड नंतर, म्हणजे कोड काय करतो यावरून काय करायला हवं ते ठरवण्याचा मोह होत नाही.

आता खरं काम. हेडर समोर ठेवा आणि एकच प्रश्न धरून बसा: कर्नल इथे काय मुकाट्याने गिळतोय? जे नाकारलं त्याला पुढे अर्थ देता येतो. जे आज न बघता सोडून दिलं, त्याला उद्या अर्थ देता येत नाही, कारण कुणीतरी तिथे कचरा भरून पाठवतच असतो. फाइल उघडणारा ‘ओपन’ कॉल अनोळखी फ्लॅग (एकेका बिटाने दिलेली सूचना) तपासत नाही. त्यामुळे २०१३ मध्ये, ३.११ आवृत्तीत, ‘ओ-टेम्पफाईल’ (बिननावाची तात्पुरती फाइल मागणारा फ्लॅग) आणताना त्याच्या बिटांमध्ये ‘ओ-डिरेक्टरी’ (फक्त डिरेक्टरीच उघड, असं सांगणारा जुना फ्लॅग) मिसळून ठेवावी लागली, म्हणजे जुना कर्नल लिहिण्यासाठी डिरेक्टरी उघडायला नकार देईल आणि प्रोग्रॅमला निदान कळेल की ही सोय इथे नाही. प्रोग्रॅमच्या मेमरीत फाइल जोडून देणाऱ्या ‘एममॅप’चीही तीच रड: तिथे अनोळखी फ्लॅग नाकारता यावेत म्हणून ‘मॅप-शेअर्ड-व्हॅलिडेट’ हा वेगळा प्रकारच काढावा लागला. शेवटी २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत ‘ओपनॲट२’ आला, तो अनोळखी बिट दिसला की सरळ ‘ईइन्व्हॅल’ (चुकीचा आर्ग्युमेंट) हा एरर देतो. तेव्हा कॉलला फ्लॅगचा आर्ग्युमेंट आहे का, आणि वापरात नसलेला प्रत्येक बिट नाकारला जातोय का, हे दोन्ही बघा. फ्लॅग नसला की काय होतं ते ‘डप३’, ‘पाइप२’, ‘ॲक्सेप्ट४’ या नावांमधले आकडेच सांगतात: जुन्या कॉलमध्ये फ्लॅगला जागा नव्हती, म्हणून नवा काढावा लागला.

स्ट्रक्चरमधल्या (एकत्र बांधलेल्या फील्डांच्या गटातल्या) ‘रिझर्व्ह्ड’, म्हणजे पुढच्यासाठी राखीव, नावाच्या फील्डचंही तसंच. ते शून्य आहे का हे तपासणारी ओळ नसेल तर ते राखीव नाही, नुसतं वाया गेलेलं आहे. माझ्या हातून एकदा ही ओळ सुटली. पुढे ते फील्ड वापरायला काढलं, तेव्हा एका जुन्या प्रोग्रॅमने स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) उरलासुरला मजकूर तिथे भरून पाठवलेला निघाला. तो तसं कायमच करत होता. शेवटी नवं फील्ड वेगळं काढलं. जुनं अजून तिथेच आहे, निरुपयोगी.

स्ट्रक्चर दिसलं की कागदावर बाइट मोजा. आधी ३२ बिटांचे फ्लॅग आणि त्यापुढे ६४ बिटांचा पत्ता, एवढंच साधं स्ट्रक्चर घ्या. ६४ बिटी एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर ते १६ बाइटांचं होतं, मध्ये चार बाइटांचं भोक राहतं. ३२ बिटी एक्स८६ वर मात्र ते १२ च बाइटांचं, कारण तिथे ६४ बिटी आकडा आठच्या नव्हे, चारच्या पटीतल्या जागेवरही बसतो. आयओसीटीएलच्या (उपकरणांना कमांड देणाऱ्या कॉलच्या) नेहमीच्या मॅक्रोंमध्ये स्ट्रक्चरचा आकार कमांडच्या क्रमांकातच मिसळलेला असतो, म्हणून ६४ बिटी कर्नलवर चालणाऱ्या ३२ बिटी प्रोग्रॅमची कमांड ओळखूच येत नाही आणि हाती ‘ईनॉटटीवाय’ (अशी कमांड नाही) हा एरर पडतो. गंमत अशी की ३२ बिटी आर्म प्रोसेसरवर मांडणी ६४ बिटीसारखीच येते, त्यामुळे लेखकाच्या बोर्डावर सगळं सुरळीत चाललेलं असतं. शिवाय तेच स्ट्रक्चर कर्नलने भरून परत दिलं तर भोकातले चार बाइट कर्नलच्या स्टॅकवरची माहिती बाहेर नेऊ शकतात. उपाय सोपा आहे: भोकाच्या जागी उघड राखीव फील्ड, अर्थात शून्याच्या तपासणीसकट. ‘पाहोल’ हे साधन तयार ठेवा, ते भोकं दाखवतं. ‘लाँग’, ‘बूल’ किंवा उघडा पॉइंटर दिसला तर लगेच थांबवा. तिथे नेमक्या रुंदीचे प्रकार हवेत.

स्ट्रक्चर पुढे वाढणार असेल तर त्याचा आकारही आर्ग्युमेंट म्हणून यायला हवा, ‘क्लोन३’ मध्ये येतो तसा. कर्नलमध्ये त्यासाठी ‘कॉपी स्ट्रक्ट फ्रॉम यूजर’ हे तयार फंक्शन आहे. छोटं स्ट्रक्चर आलं तर उरलेला भाग ते शून्याने भरतं. मोठं आलं आणि जास्तीच्या भागात काही शून्येतर सापडलं तर ‘ई-टू-बिग’ देतं. लेखकाने हेच हाताने लिहिलं असेल तर का, ते विचारा. याची किंमतही लक्षात असू द्या: सेककॉम्पच्या (प्रोग्रॅमचे नको ते कॉल अडवणाऱ्या सोयीच्या) फिल्टरला पॉइंटरच्या पलीकडचं दिसत नाही, म्हणजे स्ट्रक्चरमध्ये गेलेला फ्लॅग सँडबॉक्सला अडवता येत नाही. इथे दोन्ही बाजू मला पटतात. पण निर्णय नकळत झालेला नसावा.

युजरची मेमरी दोनदा वाचली जातेय का तेही पाहा. पहिल्या वाचनात लांबी तपासली आणि दुसऱ्या वाचनात वापरली, तर मधल्या वेळात दुसरा थ्रेड ती बदलू शकतो.

बाकीचं भराभर. नवा फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक) मिळत असेल तर एक्झेकच्या वेळी, म्हणजे प्रोसेस दुसरा प्रोग्रॅम सुरू करताना, तो बंद व्हायची सोय आहे का. वेळ ६४ बिटांत आहे का, कारण ३२ बिटी सेकंद १९ जानेवारी २०३८ ला संपतात. आर्ग्युमेंट जास्तीत जास्त सहाच आहेत का. परवानगी ‘कॅप-सिस-ॲडमिन’ या प्रशासकी अधिकारावर ढकलली आहे का, त्या पोत्यात आधीच इतकं कोंबलंय की ते जवळजवळ रूटच (सर्वाधिकारी) झालंय. सिसएफएसच्या एका फाइलीत एकच किंमत आहे का.

शेवटी चालवून बघायची तयारी. सेल्फटेस्ट, म्हणजे कर्नलच्या कोडसोबतच्या चाचण्या, पॅचसोबत हव्यात, आणि त्यात चुकीचा इनपुट देणाऱ्या टेस्ट हव्यात. सगळ्या टेस्ट यशाच्याच असतील तर त्या पुरत नाहीत. टेस्टचा प्रोग्रॅम एकदा ३२ बिटांसाठी कंपाइल करून ६४ बिटी कर्नलवर चालवा. एकदा पॅच नसलेल्या कर्नलवरही चालवा, आणि प्रोग्रॅमला ‘सोय नाही’ आणि ‘परवानगी नाही’ यांतला फरक कळतो का ते बघा. ‘ईनोसिस’ (असा कॉलच नाही) आला तर लायब्ररी जुन्या वाटेने जाते, ‘ईपर्म’ (परवानगी नाही) आला तर तिथेच अडकते. कंटेनरच्या फिल्टरांनी हा घोळ पुरेसा घातलेला आहे.

उत्तर लिहिताना काय पाहिलं ते लिहाच, पण काय पाहिलं नाही तेही लिहा. ‘कॉम्पॅटचा (६४ बिटी कर्नलवर ३२ बिटी प्रोग्रॅमचा) मार्ग मी चालवून बघितलेला नाही’ एवढी एक ओळ असली की पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळतं.