कादंबरीतल्या खुणा वाचताना या चुका टाळा (आणि बॉलपेन आधी खाली ठेवा)

पेठेतल्या एका लायब्ररीतून भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी आणली होती, तर आतल्या कोऱ्या पानावर कुणीतरी बॉलपेनने लिहून ठेवलेलं, 'कोसला = एकटेपणा'. आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, पेन्सिलीने, 'कशावरून?' हे पुण्यातच होऊ शकतं. पण अवघड कादंबरी हातात आली की आपण बहुतेक जण त्या बॉलपेनवाल्यासारखंच करतो, एखादी वस्तू दिसली की समोर एक अर्थ लिहायचा, की सुटलो.

कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश, इथवर ठीक आहे. पण त्या कोशाचं पुढे काय होतं ते बघा ना. रेशीम सलग हवं असेल तर किडा आत असतानाच कोश उकळतात, आणि पतंगाला बाहेर पडू दिलं तर कोशाला भोक पडून धागा तुटका निघतो. म्हणजे एकतर रेशीम मिळणार नाहीतर जीव वाचणार. आता कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला कॉलेजात येतो आणि शेवटी गावी परत जातो, तर तो कोशातून सुटला की कोशात परत गेला, आणि कोश नक्की कुठला, पुणं की गाव? मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून आधी त्या वस्तूचं काम काय, ती कशी बनते कशी मोडते हे बघायचं, अर्थाची घाई नंतर.

याहून मोठी चूक म्हणजे प्रतीकं हुडकत बसायचं आणि सांगणारा बोलतोय कसा तिकडे लक्षच द्यायचं नाही. हा पांडुरंग सुरुवातीलाच स्वतःचं वय पंचवीस सांगतो ते 'उदाहरणार्थ' लावून. पहिल्या वेळी मी नुसता हसलो आणि पुढे गेलो. वय काय उदाहरण म्हणून सांगायची गोष्ट आहे का? पण जो माणूस असं सांगतो तो स्वतःकडेच एक नमुना म्हणून बघतोय, आणि 'वगैरे' म्हणून जड विषय उडवून लावायची सोयही करून ठेवतोय. धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी पोचलात की त्याच्या या लकबी कुठे टिकतात आणि कुठे गळतात ते पेन्सिलीने खुणा करत वाचा, दोन पानांतच हाताला काहीतरी लागेल. पुणेकरांना तर हे शिकवायला नको खरं, पाटीवर 'कृपया' असलं म्हणून ती विनंती आहे असं आपण कधी समजतो का?

आमच्या वाचनगटात एक काका आहेत, ते दर वेळी म्हणतात, 'अहो, हे सगळं नेमाड्यांचं स्वतःचंच आहे.' आता नेमाड्यांचं गाव सांगवी, जन्म १९३८, कादंबरी १९६३ची, म्हणजे वयाचा हिशोबही पंचवीसच येतो, त्यामुळे काकांना दोष कसा द्यायचा. पण एकदा हे मान्य केलं की चर्चा कुठला मित्र खरा कुठला खोटा यावर जाते आणि कादंबरी चहाच्या कपाशेजारी तशीच पडून राहते.

शीर्षकावरून पटकन पुढे जाणं ही अजून एक चूक. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस', १९७४ची. पाढे पाठ असलेल्या कुणालाही बेचाळीस माहितीय, तरी कित्येक जण ते नाव नीट न वाचताच पान उलटतात. कव्हरवरच हिशोब चुकवून ठेवलाय, मग आत काळ मागेपुढे उड्या मारायला लागला की 'बाइंडिंग चुकलंय का' असं विचारू नका (मी विचारलंय, दुकानदाराला).

आणि गोंधळ झालाच तर यूट्यूबवर सारांश बघायला पळू नका. बुकमार्क म्हणून जो कागद असेल त्यावर तीनच गोष्टी लिहा: कोण बोलतंय, कुणाशी, घटना होऊन किती दिवसांनी. एखादी वस्तू पहिल्यांदा दिसली तर नुसता पान नंबर टाका, परत आली आणि या वेळी वेगळी दिसली तरच तिच्यामागे लागा. एकदाच आलेली छत्री बहुतेक वेळा पाऊस पडत होता म्हणून आलेली असते.

ते लायब्ररीतलं पुस्तक परत करताना 'कशावरून?'च्या खाली मीपण लिहिलं, 'पतंगाचं काय?' पेन्सिलीनेच.