उंचीनुसार बदलणारा किरणोत्सार मोजताना जमिनीचा वाटा कसा वगळावा

गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारे उपकरण, घेऊन डोंगर चढला आणि वाढलेला आकडा टिपला, एवढ्याने उंचीचा परिणाम मोजला असे होत नाही. कारण काउंटरमध्ये अवकाशातून येणाऱ्या आणि उंचीबरोबर वाढणाऱ्या विश्वकिरणांबरोबरच खडकातील युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचा किरणोत्सारही नोंदला जातो. पायथ्याशी काळा बेसॉल्ट आणि माथ्यावर जांभा असेल, तर फरक उंचीचा की दगडाचा, हे सांगता येत नाही.

यावर उत्तम उपाय पाण्याचा आहे. दोन-तीन मीटर खोल पाणी तळाकडून येणारे गॅमा किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. भौतिकशास्त्रज्ञ डोमेनिको पाचिनी यांनी १९११ मध्ये इटलीतील लिव्होर्नोजवळ समुद्रात उपकरण बुडवून सर्व किरणोत्सार जमिनीतून येत नसल्याचे दाखवले होते, आणि व्हिक्टर हेस यांनी पुढच्याच वर्षी बलूनमधून पाच हजार मीटरांवर जाऊन तो उंचीबरोबर वाढतो हे सिद्ध केले. आपल्याकडे एक मोजणी मुंबईच्या समुद्रात लाँचवर आणि दुसरी महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात नावेतून, काठापासून शक्य तितके दूर जाऊन, त्याच काउंटरने घ्यावी.

घाई मात्र अजिबात करू नये. काउंट, म्हणजे उपकरणाने केलेल्या एकेका नोंदी, यदृच्छेने पडतात, त्यामुळे एकूण संख्येचे वर्गमूळ हीच तिची अनिश्चितता असते: शंभर काउंटांना दहा टक्के, हजारांना सुमारे तीन टक्के. मिनिटाला वीस काउंट देणाऱ्या काउंटरच्या नळीला हजार गाठायला पन्नास मिनिटे लागतात, आणि पाण्यावर त्याहून अधिक. पडद्यावरील मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) न टिपता एकूण काउंट, वेळ, उंची आणि हवेचा दाब लिहून ठेवावा. पावसात व त्यानंतर दोन-तीन तास मोजू नये, कारण रेडॉनपासून बनलेली मूलद्रव्ये पावसाबरोबर खाली येऊन आकडा वाढवतात.

महाबळेश्वरच्या सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर विश्वकिरणांचा वाटा मुंबईच्या साधारण दीडपट अपेक्षित आहे. तुमचे गुणोत्तर त्याहून कमी भरेल, कारण बाहेरून किरण न येताही नोंदले जाणारे नळीचे स्वतःचे काउंट दोन्ही आकड्यांत मिसळलेले असतात. दोन्ही ठिकाणच्या दर मिनिटाच्या काउंटांच्या वजाबाकीत ते निघून जातात, म्हणून निष्कर्ष वजाबाकीवरून काढावा.

विमानात वाढ कितीतरी पटींनी मोठी दिसते, परंतु तेथे फोनमधील दाबमापक केबिनचा दाब दाखवतो, तेव्हा उंची आसनासमोरच्या नकाशावरूनच घ्यावी.