बाळंतिणीची शेक-शेगडी : या चुका टाळा

गेली वीस-बावीस वर्षे मी नात्यातल्या आणि शेजारच्या बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालत आले आहे, आणि त्याच त्या चुका पाहून आता खरोखर कंटाळा आला आहे. त्यांतली सर्वांत धोक्याची चूक म्हणजे बंद खोलीतली शेगडी.

एका ओळखीच्या घरी ऐन थंडीत, दहाव्या दिवशी मी तेल लावायला गेले, तेव्हा दार लावलेले होते, खिडकीच्या फटीत जुने लुगडे कोंबले होते आणि बाजेखाली कोळशाची शेगडी फुललेली होती. बाळंतीण डोके धरून बसली होती, तिला दोनदा उलटी झाली होती, आणि बाळ इतके सुस्त होते की दूध ओढत नव्हते. सासूबाईंचे निदान तयार होते : ‘वारा लागलाय, अजून शेक द्या.’ मी वाद न घालता आधी मायलेकरांना पडवीत आणले आणि तसेच रुग्णालयात पाठवले. तिथे प्राणवायू दिल्यावर दोघेही सावरली. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला रंग किंवा वास नसल्यामुळे निखाऱ्यांचा धूर थांबला तरी हवा निर्धोक झाली असे समजता येत नाही. आपल्या आज्यांची घरे कौलारू होती, वाऱ्याला शंभर वाटा होत्या. हवाबंद काचांच्या फ्लॅटमध्ये तीच शेगडी ठेवणे म्हणजे परंपरा पाळणे नव्हे. मी निखारे खोलीत आणतच नाही. तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी बांधते, ती आधी माझ्या मनगटाला लावून पाहते आणि मगच बाळंतिणीची कंबर शेकते. सिझेरियनच्या टाक्यांभोवतीची त्वचा कित्येक आठवडे बधिर राहते आणि भाजलेले तिला कळतही नाही, म्हणून तिथे शेक अजिबात देत नाही. बाळाला धुरी तर मुळीच देत नाही, मग कोणी कितीही रुसो.

दुसरी चूक लाडवांच्या घाईची. तिसऱ्या दिवशीच माहेरहून डिंकाच्या लाडवांचा डबा येतो, आणि पोट साफ न झालेल्या बाईला दिवसाला चार लाडू खायला लावतात. हे परंपरेच्या नावावर खपवणाऱ्यांनी चरकसंहितेचे शारीरस्थान उघडून पाहावे : बाळंतिणीला भूक लागल्यावर, सोसेल एवढेच तूप-तेल पिंपळी, पिंपळमूळ, चव्य, चित्रक आणि सुंठीच्या चूर्णासह द्यावे, ते पचल्यावर पातळ यवागू, म्हणजे पेज, द्यावी, पाच-सात रात्री हाच क्रम ठेवावा आणि त्यानंतर हळूहळू तिला पुष्ट करावे, असे तिथे सांगितले आहे. मी पहिला आठवडा मऊ भात, मुगाचे वरण आणि बेताचे तूप यांवर काढते. शौचाला साफ होऊ लागले की सकाळी एक लाडू, आणि तो पचला तरच दुसऱ्याचा विचार.

पाणी प्यायल्याने पोट सुटते, हा समज कुठून आला कोण जाणे, पण त्यापायी अंगावर पाजणाऱ्या बाईला तहानलेली ठेवतात आणि मग मलावरोधावर काढे शोधत बसतात. बाळाला पाजायला घेताना तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या असलाच पाहिजे.

पिवळसर चीक पिळून टाकू नये. बाळाला पहिल्या तासाभरातच अंगावर घ्यावे. सव्वा महिना बाजेवरून न उठल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून घरातल्या घरात चालणे पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच हवे. पोटपट्टी श्वास कोंडेल इतकी घट्ट बांधू नये. काढा चालू आहे म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. त्या प्रसूतीनंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, आणि चहाबरोबर तर नाहीच.

आता ज्याला घरगुती उपाय नाही ते. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे, 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, स्रावाला दुर्गंधी, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही दिसले तर तेलाची वाटी बाजूला ठेवून मी गाडी मागवते. रक्तदाब प्रसूतीनंतरही चढू शकतो, आणि त्या डोकेदुखीलाही घरोघरी ‘वारा’च म्हणतात.