ऑस्लनचे व्याकरण कसे शिकावे आणि कसे वापरावे

ऑस्लन ही ऑस्ट्रेलियातील कर्णबधिर समाजाची सांकेतिक भाषा. तिचे मूळ ब्रिटिश सांकेतिक भाषेत असून 1987 च्या राष्ट्रीय भाषा-धोरणात तिला एका समाजाची भाषा म्हणून मान्यता मिळाली. तिचे व्याकरण इंग्रजीहून पूर्णपणे स्वतंत्र आहे. नवे शिकणारे बहुधा खुणा पाठ करतात आणि त्या इंग्रजी वाक्याच्या क्रमाने मांडत जातात. अशा मांडणीला ऑस्लन म्हणता येत नाही. म्हणून मोजक्या खुणा हाताला बसताच व्याकरणाकडे वळावे.

सुरुवात चेहऱ्यापासून करावी. ‘चहा घेणार का?’ अशा हो-नाही उत्तराच्या प्रश्नात भुवया वर जातात, डोके किंचित पुढे येते आणि उत्तर मिळेपर्यंत नजर समोरच्यावर राहते. कोण, काय, कुठे असे विचारताना भुवया आकसतात आणि प्रश्नाची खूण बहुधा शेवटी येते. ‘तुमचे नाव काय?’ हा क्रम मराठी माणसाला सहज साधतो. हातांची खूण तीच ठेवून केवळ भुवया उंचावल्या, तरी विधानाचा प्रश्न होतो. आरशासमोर एकच वाक्य विधान, प्रश्न आणि नकार अशा तिन्ही प्रकारे करून पाहावे. नकारात खुणेबरोबरच मान हलली पाहिजे.

काळ दाखवण्यासाठी क्रियापदाचे रूप बदलत नाही. ‘काल’ किंवा ‘पुढच्या आठवड्यात’ ही खूण आधी करावी, म्हणजे पुढचे सारे कथन त्या काळात समजले जाते. भूतकाळ खांद्यामागे आणि भविष्यकाळ समोर, अशी शरीराभोवती काळाची रेषा असते. क्रिया पूर्ण झाल्याचे सांगायचे असेल, तर ‘संपले’ या अर्थाची खूण जोडतात.

या भाषेचा खरा गाभा मात्र अवकाशाच्या, म्हणजे शरीरासमोरच्या मोकळ्या जागेच्या, वापरात आहे, आणि सर्वाधिक सराव त्यालाच द्यावा. ‘देणे’ ही खूण माझ्याकडून तुमच्याकडे नेली की ‘मी तुम्हाला देतो’ असा अर्थ होतो. उलट दिशेने आणली की ‘तुम्ही मला देता’. सर्वनामांच्या वेगळ्या खुणा करण्याची गरज उरत नाही. आई आणि भाऊ समोर नसतील, तर आईची खूण करून उजवीकडे बोट दाखवावे, भावाची करून डावीकडे. मग ‘देणे’ उजवीकडून डावीकडे नेले की आईने भावाला दिले. एकदा नेमलेली जागा संभाषणात बदलू नये, नाहीतर कोणी कोणाला दिले हे पाहणाऱ्याला कळेनासे होते. समोरच्याचे कथन वाचताना डावे-उजवे त्याच्या बाजूने लावावे, ही सवय लागायला वेळ लागतो. सगळीच क्रियापदे अशी फिरत नाहीत. ‘आवडणे’, ‘माहीत असणे’ यांच्या खुणा शरीराजवळच राहतात, तेथे कर्ता-कर्म स्वतंत्रपणे दाखवावे लागतात.

पुढची पायरी दृश्य मांडण्याची. उभी तर्जनी म्हणजे माणूस. दोन तर्जन्या समोरासमोर आणून जवळ नेल्या की दोन माणसे भेटली. तर्जनी कोणासाठी आहे हे मात्र आधी सांगावे लागते.

सराव कर्णबधिर शिक्षकांकडेच करावा, कारण भुवई उशिरा उचलली गेली किंवा नजर भलतीकडे गेली, हे त्यांना तत्काळ दिसते. ऑस्लन साइनबँक या ऑनलाइन कोशात खुणांच्या चित्रफिती आहेत आणि कोणती खूण कोणत्या राज्यात वापरतात हेही पाहता येते. सिडनीतील आणि मेलबर्नमधील काही रंगांच्या व अंकांच्या खुणा वेगळ्या असल्याने आपल्या शहरातील खूण आधी शिकावी. आपण केलेले कथन मोबाइलवर चित्रित करून आवाज बंद ठेवून पाहावे, आणि ओठांवर इंग्रजी वाक्य अखंड चालू असल्याचे आढळले, तर तेच कथन वेळेची खूण आधी घेऊन, माणसांच्या जागा नेमून पुन्हा करावे.